इंजेक्शनच्या कार्डावरची माळ

डॉ. खांबेटे यांच्या नौपाड्यातल्या दवाखान्यात यकृताच्या रुग्णांच्या फायली तीन रंगांच्या होत्या. हिरव्या म्हणजे उपचार चालू असलेले, पिवळ्या म्हणजे उपचार संपलेले आणि निळ्या म्हणजे पुढच्या औषधाची वाट पाहत थांबलेले. १९९८ सालच्या सुरुवातीला निळ्या फायली चौदा होत्या. मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. करून मी तिथं लागले त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. रक्त घेणं, चाचण्या करणं आणि फायली सांभाळणं ही माझी कामं होती. फेब्रुवारीपासून त्यात आणखी एकाची भर पडली. दर सोमवारी सकाळी औषध कंपनीच्या मुंबईतल्या कचेरीत फोन करून दिल्लीहून काही कळलं का, हे विचारायचं.

निळ्या फायलींत सर्वांत जाड फाइल पंढरी भोईर याची होती. वय बत्तीस, राहणार माजिवडा. भोईरांची जमीन हायवेच्या कडेला होती. वडिलांच्या काळात तिथं भात व्हायचा, आता तिथं चार इमारती उभ्या होत्या आणि पंढरी बांधकामांना रेती-विटा पुरवायचा. १९८८ साली हायवेवर त्याच्या मोटारसायकलला डंपरनं उडवलं. तेव्हा त्याला चार बाटल्या रक्त दिलं गेलं, त्यातल्या एखाद्या बाटलीतून हिपॅटायटिस सी आला असावा. असावा एवढंच म्हणता येतं, कारण त्या वर्षी या विषाणूला अजून नावसुद्धा मिळालं नव्हतं, मग त्याची चाचणी कुठून असणार? आठ वर्षं पंढरीला काहीच झालं नाही. मग विम्यासाठी केलेल्या तपासणीत यकृताचा एक आकडा वाढलेला आढळला. चाळीसच्या आत हवा, तो एकशे चव्वेचाळीस होता.

सत्त्याण्णव साली त्याला सहा महिने इंजेक्शनं दिली. आठवड्याला तीन. प्रत्येक इंजेक्शनानंतर संध्याकाळी थंडी वाजून ताप येई. अशा रुग्णांसाठी आम्ही एक कार्ड छापून घेतलं होतं. वर दवाखान्याचं नाव, खाली चौकटी: तारीख, मात्रा, ताप, कोणत्या मांडीत. पंढरीची कार्डं त्याची बायको गोदा भरायची. तिचं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण अक्षर मोठं आणि सरळ होतं आणि तिनं एकही चौकट रिकामी सोडली नाही. आकडा अठ्ठावीसपर्यंत उतरला. इंजेक्शनं थांबल्यावर चार महिन्यांत तो पुन्हा एकशे बत्तीस झाला. यकृताचा तुकडा काढून तपासला, तेव्हा व्रणांची चारपैकी तिसरी पायरी निघाली. चौथीला सिरॉसिस म्हणतात.

तो अहवाल सांगायला डॉक्टरांनी दोघांना बोलावलं, तेव्हा मी फाइल घेऊन तिथंच होते.

"इंजेक्शनासोबत आता एक कॅप्सूल येतेय," डॉक्टर म्हणाले. "परदेशात चाचण्या झाल्या आहेत. तुमच्यासारखे, आधी सुधारून पुन्हा उलटलेले जे आहेत, त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांच्या रक्तात विषाणू नंतर दिसला नाही."

"मग द्या की," पंढरी म्हणाला. "पैशाचं बघू नका, सर."

"प्रश्न पैशाचा नाही. तिला अजून परवानगी नाही. आधी तिकडे मिळेल, मग आपल्याकडे. दिल्लीहून."

"दिल्लीत आपला कोनी नाय. ठाण्यात असतं काम तर आज संध्याकाळी करून दिलं असतं."

डॉक्टर हसले नाहीत. ते म्हणाले, "आणखी एक आहे. या कॅप्सूलनं गर्भाला धोका होतो. प्राण्यांत दिसलंय. औषध नवऱ्यानं घेतलं तरी बायको गरोदर असता कामा नये. आधीपासून दिवस गेले असतील, तर औषध सुरूच करता येत नाही. ते कधीही येऊ शकतं. चार महिने, सहा महिने. तोपर्यंत काळजी घ्या."

पंढरी 'बरं' म्हणाला. बाहेर आल्यावर माझ्या टेबलापाशी थांबून गोदानं विचारलं, "नीलाताई, चार का सहा?"

मला माहीत नव्हतं, तसं मी सांगितलं. तिनं मान हलवली. त्यांच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गर्भपात झाला. कल्याणच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाई तिच्यावर वर्षभर उपचार करत होत्या आणि त्याच जानेवारीत त्यांनी तिला आता हरकत नाही असं सांगितलं होतं. हे सगळं फायलीत आलं ते पंढरीच्या माहितीतल्या 'मुलं' या रकान्यामुळं. तिथं मी 'नाही' लिहिलं होतं.

जूनमध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. मी सगळ्या निळ्या फायलींच्या रुग्णांना फोन करून कळवलं. तो उत्साह नडला, कारण त्यानंतर ते सगळे दर आठवड्याला विचारू लागले आणि सांगण्यासारखं माझ्याकडं काही नसायचं. कंपनीच्या कचेरीतला माणूस सभ्य होता. जुलैत तो म्हणाला, कागद पोहोचलेत. ऑगस्टमध्ये म्हणाला, समितीची बैठक व्हायची आहे. सप्टेंबरमध्ये बैठक झाली होती, पण त्यांना आणखी कागद हवे होते.

डोंबिवलीच्या एका शाळेतल्या मुख्याध्यापिका सुमतीबाई फणसे याही निळ्या फायलीत होत्या. तिथून येऊन दर गुरुवारी त्या बाकावर बसायच्या. "बरे करू नका, पण तारीख द्या," असं त्या मला एकदा म्हणाल्या. "शाळेत मी कोणालाही तारखेशिवाय थांबवत नाही." शेजारी बसलेला पंढरी म्हणाला, "बाई, तुमी दिल्लीला जाऊन त्यांना अंगठे धरून उभे करा." सुमतीबाईंनी त्याच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की तो खरोखरच नीट सावरून बसला.

दिवाळीच्या पुढच्या आठवड्यात पंढरी रक्त द्यायला आला तो डोक्यावर रुमाल बांधून. सोबत गोदा आणि त्याची आई आवडाबाई होत्या. आवडाबाईंना मुलाला जुनी कावीळ आहे एवढंच माहीत होतं. कॅप्सूल, दिल्ली आणि काळजी यांतलं त्यांना काही सांगितलेलं नव्हतं. रुमाल कशाला, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनीच तो उचलून दाखवला. खाली बोटाच्या पेराएवढ्या हिरव्या काड्यांची एक माळ मुकुटासारखी बसवलेली होती.

"मलंगगडाच्या पायथ्याला एक बाय हाय, ती बांधते," आवडाबाई म्हणाल्या. "काविल असंल तर माल वाढते. डोक्यावरनं गल्यात येते, गल्यातनं खाली. पायातनं निंगाली का काविल गेली."

"स्वतःच वाढते?"

"मंग काय तू वडतेस तिला?"

मी माळ नीट पाहिली. सुई कुठंच नव्हती. काड्या ओवलेल्या नव्हत्या. प्रत्येक काडीला दोऱ्याचा घट्ट फास घातला होता. ताजी काडी सुकली की आकसणार, फास सैल होणार आणि त्यात अडकलेला दोरा मोकळा होऊन माळ लांबणार. त्याच्यासाठी कावीळ लागत नाही. तसं पाहिलं तर पंढरीला त्या वेळी कावीळ नव्हतीच, त्याच्या रक्तातलं पित्त नेहमीइतकंच होतं. पण हे सगळं माझं अनुमान होतं आणि अनुमान तपासता येण्यासारखं होतं.

मी आवडाबाईंना म्हटलं, तशी आणखी एक माळ मिळेल का?

"कोनाला जाली?"

"आहे ओळखीतलं."

दोन दिवसांनी गोदानं ती आणून दिली. त्या बाईनं पहिलीसोबतच बांधून ठेवलेली, तितक्याच काड्यांची. ती मी प्रयोगशाळेत सेंट्रीफ्यूजच्या वर खिळ्याला टांगली. गोदाला विचारलं, तू घरची माळ रोज मोजशील का? ती म्हणाली, शिवणाची टेप आहे. लिहायला कागद हवा होता, म्हणून मी ड्रॉवरमधून इंजेक्शनचं एक कोरं कार्ड काढलं, 'मात्रा' या शब्दावर काट मारली आणि वर 'लांबी, सेंटिमीटर' असं लिहिलं.

खिळ्यावरच्या माळेबद्दल मी तिला सांगितलं नाही. मोजणाऱ्याला अपेक्षित उत्तर ठाऊक असेल तर त्याचे आकडे तिकडं झुकतात, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. मोजणी संपल्यावर सगळं समजावून सांगायचं असं मी ठरवलं होतं.

गोदाचे आकडे उत्तम होते. पहिल्या दिवशी एक्केचाळीस. चौथ्या दिवशी साठ. मग वाढ हळूहळू मंदावत गेली, जशी ती मंदावायला हवी होती. सव्विसाव्या दिवशी माळ एकशे चोवीस सेंटिमीटर झाली आणि खांद्यांवरून सुटून पंढरीच्या पायांपाशी आली. खिळ्यावरची त्या दिवशी एकशे एकवीस होती. कार्ड घेऊन गोदा आली नाही, कारण त्या आठवड्यात तिच्या माहेरी लग्न होतं. पंढरीनं ते येता-जाता दिलं. "फायलीत लावा," तो म्हणाला. मी भोकं पाडून ते इंजेक्शनच्या कार्डांमागं लावलं. तो उभा राहून पाहत होता. त्याचं रक्त घेतलं आणि दुसऱ्या दिवशी फोनवर त्याला आकडा सांगितला. एकसष्ट.

"एकशे तीसचा एकसष्ट?" त्यानं विचारलं.

मी हो म्हटलं. या आजारात आकडा असा खाली-वर होतो, विषाणू असतोच. हे मी सांगितलं का? सांगितलं असेल असं मला बरेच दिवस वाटत होतं. फोनची नोंदवही पाहिली, तर त्यात फक्त '६१, कळवले' एवढंच आहे. आणि माळेचं समजावून सांगायचं होतं ते गोदाला. ती समोर नव्हती.

बावीस फेब्रुवारी १९९९, सोमवार. कंपनीच्या कचेरीतला माणूस मी काही विचारायच्या आत म्हणाला, "आली." परवानगी आली होती. बाजारात औषध यायला अजून काही महिने लागणार होते, पण पहिल्या खेपेतून निवडक दवाखान्यांना थोडं मिळणार होतं. आम्हाला चार रुग्णांपुरतं. डॉक्टरांनी यकृताच्या अहवालावरून क्रम लावला. पंढरी दुसरा होता. सुमतीबाई पाचव्या.

गुरुवारी भोईर तिघेही आले. आवडाबाईंच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. त्यांनी पहिला पेढा मला दिला, दुसरा डॉक्टरांना. औषध आल्याचा आनंद त्यांच्यापर्यंत पोहोचला असावा असं समजून मी तो खाल्ला आणि फॉर्म पुढं ओढला. कंपनीचा फॉर्म दोन पानांचा होता. नाव, वय, वजन, हिमोग्लोबिन. अकराव्या क्रमांकावर प्रश्न होता. मी तो मराठीत वाचला.

"पत्नी सध्या गरोदर आहे का?"

आवडाबाई म्हणाल्या, "मंग पेढं कशाचं दिलं बाय तुना?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "कितवा महिना?"

"तिसरा लागलाय," गोदा म्हणाली. तिनं शेवटच्या पाळीची तारीखही सांगितली, दहा डिसेंबर.

"मी काय सांगितलं होतं, पंढरी?"

"सर, सांगितलेलं ते ध्यानात हाय. पन आजार उतरला ना. म्हनून..." तो माझ्याकडं वळला. "नीलाताईंनीच तर ठेवलाय हिशोब. फायलीत हाय."

डॉक्टरांनी फाइल उघडली. इंजेक्शनची कार्डं उलटत ते शेवटच्या कार्डावर आले. दवाखान्याचं छापील नाव, खाली गोदाच्या अक्षरात सव्वीस आकडे, आणि वर माझ्या अक्षरात 'लांबी, सेंटिमीटर'. ते सगळे आकडे त्यांनी वाचले. पटकन उलटता येण्यासारखं पान होतं ते, पण त्यांनी वेळ घेतला.

"हे काय आहे, नीला?"

मी सांगितलं. मग आत जाऊन खिळ्यावरची माळ काढून आणली आणि टेबलावर ठेवली. काड्या तपकिरी झाल्या होत्या. दोन्ही माळा एकाच वेळी बांधलेल्या, एक पंढरीच्या डोक्यावर होती आणि एक भिंतीवर, आणि दोन्हींत तीन सेंटिमीटरचा फरक पडला. काड्या सुकतात म्हणून असं होतं. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं, असंही म्हटलं.

आवडाबाईंनी माळ उचलून पाहिली.

"म्हंजी खिल्याला पन काविल जाली व्हती," त्या म्हणाल्या. "आनि तू आमाला लिवायला लावलंस."

आई घरात जे काही करते त्यावर पंढरीनं एरवी विश्वास ठेवला नसता, हे त्यानं नंतर मला सांगितलं. इंजेक्शन मोजलं त्याच कार्डावर माळ मोजली, म्हणून ठेवला. त्यात भर म्हणून रक्ताचा आकडा एकसष्ट आला.

"नाय लिवा," पंढरी म्हणाला.

"काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"अकरा नंबरला. नाय लिवा. मी उद्यापासून कळव्याला मामाकडं राहतो. औषध माझ्या अंगात, ही माजिवड्यात. पोराला काय करनार ते?"

"मी खोटं लिहून सही करणार नाही. आणि धोका किती, ते कोणालाच माहीत नाही. म्हणून तर नियम आहे."

"मग माझ्या लिव्हरचं?"

"तेही नक्की सांगता येत नाही. बाळंतपणापर्यंत थांबलात, तर कदाचित आहे तसंच राहील. कदाचित चौथी पायरी येईल. तिथून मागं फिरता येत नाही." गोदाकडं न पाहता डॉक्टर पुढं म्हणाले, "तिसरा मार्ग कायद्यानं आहे. बारा आठवड्यांच्या आत सोपा असतो. मी तो घ्या असं म्हणत नाही. आहे, एवढंच सांगतो."

पुडा अजून उघडाच होता. आवडाबाईंनी तो कागदात गुंडाळला आणि दोऱ्याची गाठ मारत बसल्या.

"बोल ना गं," पंढरी गोदाला म्हणाला. "गप्प का? तुला काय वाटतं?"

"मी बोलले तर तुमच्या जिवावर बोलले असं होईल."

"होऊ दे."

गोदानं माझ्या हाताखालचा फॉर्म पाहिला. इंग्रजी तिला वाचता येत नव्हतं, पण अकराव्या ओळीपाशी माझं पेन थांबलं होतं ते दिसत होतं.

"सहा वर्सांत किती कागद भरले आमी," ती म्हणाली. "रेशनकार्ड, विमा, कल्यानच्या बाईंचे, तुमचे. सगल्यांत त्या रकान्यात नाय लिवलंय. एकदा तरी हाय लिवा. मंग ह्यांना थांबवायचं का नाय ते ह्यांनी ठरवावं. मी ठरवनार नाय."

पंढरीनं दोन्ही तळहात मांडीवर पालथे ठेवले. इंजेक्शनं घ्यायच्या दिवसांत ताप चढू लागला की तो असाच बसायचा, एकाच जागी पाहत. बाहेर कोणीतरी नंबर विचारून गेलं. डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं नाही, ही त्यांची मेहेरबानी मानायला हवी.

"नीलाताई," शेवटी तो म्हणाला, "तो प्रश्न परत वाचा."

मी वाचला. पत्नी सध्या गरोदर आहे का?

"हाय," पंढरी म्हणाला.

मी 'होय' लिहिलं. त्यानं खाली सही केली. तारीख घातली. उठताना आवडाबाई पुड्यातला आणखी एक पेढा माझ्या टेबलावर ठेवून गेल्या. रागानं की सवयीनं, ते मला ओळखता आलं नाही.

डॉक्टर त्या दिवशी मला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ड्रॉवरमध्ये कोऱ्या कार्डांच्या गठ्ठ्यावर त्यांनी एक चिठ्ठी लावली: 'औषधाखेरीज यावर काहीही लिहू नये.' मी ती काढली नाही, अजूनही ती तिथं आहे. दहा डिसेंबरवरून मोजलं तर गोदाची तारीख सतरा सप्टेंबर येत होती. त्यापुढं पंधरा दिवस धरून मी पंढरीला औषध सुरू करण्यासाठी ऑक्टोबरचा पहिला आठवडा कळवला आणि दर सहा आठवड्यांनी रक्ताची तपासणी लावून दिली. या वेळी फोनवर आकड्याचा अर्थ सांगायचा, तो त्याच्याकडून पुन्हा वदवून घ्यायचा आणि मगच फोन ठेवायचा, असा नियम मी स्वतःला घातला.

मग डोंबिवलीचा नंबर फिरवला. सुमतीबाईंना सांगितलं की त्यांचं नाव चौघांत आलं आहे.

"मी पाचवी होते," त्या म्हणाल्या. "वरचं कोण गळालं?"

"गळालं नाही कोणी. एक जण मागे थांबलाय."

"वर्षभर बाकावर बसून आता थांबलाय? कशासाठी?"

मी म्हटलं, ते फायलीतलं आहे, सांगता येत नाही.

"किती थांबायचंय त्याला?"

"ऑक्टोबरपर्यंत."

पलीकडं शाळेची घंटा झाली आणि पोरांचा गलका ऐकू आला.

"म्हणजे त्याला तारीख मिळाली," त्या म्हणाल्या. "बरं, मी किती वाजता येऊ?"